दोन कानांचं घमेलं

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंस ना? पाकिटामागे शाळेचा पत्ता बघून बुचकळ्यात पडली असशील. मीच आहे. एवढ्या वर्षांनी लिहितेय आणि तेही चित्रकलेच्या कागदावर, कारण इथे हाच हाताशी आहे. मागच्या बाजूला कुणीतरी हत्ती काढलाय. पाच पायांचा. एक बहुधा सोंड असावी.

आम्ही सगळे मजेत. ह्यांचं काम छान चाललंय. लेक चार वर्षांची झाली. तू शेवटची आलीस तेव्हा ती भिंत धरून उभी राहायची. अजूनही भिंत सोडत नाही. शाळेत कडेकडेनं चालते, आवाज म्हणून करत नाही, म्हणून इथे सगळे तिला मुंगी म्हणतात. मला आधी राग आला होता, आता मीही तेच म्हणते. घरी माझ्याशी बोलते, पण कुजबुजत. शाळेत अवाक्षर नाही.

तिच्यामुळेच मला ही नोकरी लागली. बालवर्गात घातली तेव्हा ती दाराशी उभी राहिली ती उभीच. शाळा चालवतात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीनं खरं तर माझ्या खांद्याला लागतात. त्या म्हणाल्या, "तुम्हीच येऊन बसा वर्गात चार दिवस." चार दिवसांचे चार महिने झाले. मग त्यांची मदतनीस सोडून गेली, तर म्हणाल्या, "बसलाच आहात तर नाकं पुसा, पगार देते." ह्यांनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाले. माझ्यासमोर लेक आणि लेकीसमोर मी, नाही म्हणायला जागाच नव्हती. सकाळी हे गाडीनं सोडतात, दुपारी न्यायला येतात. बाकीच्या मुलांच्या आया म्हणतात, नशीब काढलंस.

आपलं शेवटचं बोलणं मला आठवतं, तुलाही आठवत असणार. "ह्या माणसानं तुला डबीत घालून ठेवलंय," असं तू म्हणालीस आणि ह्यांनी अगदी शांतपणे तुझी बॅग खाली नेऊन ठेवली. तो विषय उकरायला मी लिहीत नाहीये. लिहावंसं वाटलं, एवढंच.

उत्तर पाठवलंस तर शाळेच्या पत्त्यावर, मोठ्या बाईंच्या नावे पाठव. घरी नको. खास कारण काही नाही, घरच्या पत्रपेटीची किल्ली ह्यांच्याकडे असते. आणि फोन करू नकोस. माझा फोन जरा बिघडलाय.

मुलं हात धुऊन आली. थांबते.

तुझी धाकटी

२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. मोठ्या बाईंनी ते रंगांच्या कपाटात ठेवलं आणि जाता जाता म्हणाल्या, "लाल बाटल्यांच्या मागे बघ." मी ते मुलांच्या स्वच्छतागृहात वाचलं, त्या बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लावून. रडले नाही. बाहेर आठ पोरं दार वाजवत होती, रडायला उसंत कुठली.

बाकी सगळं सोडून तू एकच विचारलंस, "एकटी अशी बाहेर शेवटची कधी गेलीस?" हा काय प्रश्न झाला? रोज शाळेत येते की. भाजी, किराणा हेच आणतात. कपडेही हेच आणतात आणि अगदी मापात आणतात. मला गर्दीची सवय राहिली नाही, म्हणून मीही हट्ट धरत नाही. सुट्टीच्या दिवशी हे कुठे गेले तर बाहेरून कुलूप लावतात, ते लेक दार उघडून जिन्यात जाईल म्हणून. आम्ही चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या, तेव्हा तशी काळजी नाही. फोन बिघडलेला नाही. ते खोटं लिहिलं होतं. संध्याकाळी हे तो बघून घेतात, हल्ली लोक फसवे निरोप पाठवतात म्हणून.

हात उगारत नाहीत, ताई. तू आडून आडून विचारलंयस म्हणून सांगते. आवाजसुद्धा चढवत नाहीत.

बरं, आता दुसरं ऐक. मोठ्या बाईंनी शिबिराचं काढलंय. मधल्या सुट्टीत त्यांनी मला वर्गाच्या दारात उभं केलं आणि म्हणाल्या, "बघ जरा. काय दिसतं?" मी म्हटलं, शहाण्यासारखी खेळतायत. "खेळतायत कुठली! प्रत्येकाच्या हातात आपापली गाडी. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी बसलीत. शेजारचा पडला तर हा मान वर करत नाही." खरंच होतं. सगळी फ्लॅटमध्ये वाढलेली, एकेकटी, हातात मोबाइल नाहीतर खेळणं. आया येऊन सांगतात, आमचा कुणात मिसळतच नाही हो. जशी काही पोरं म्हणजे दुधात घातलेली साखरच, आपोआप विरघळायला.

म्हणून मार्चभर सकाळची शाळा तलावाकाठच्या मैदानावर. घरचं एकही खेळणं आणायचं नाही. बाईंनी सामान जमवलंय तेही मुद्दाम आडमुठं. एकट्याला न उचलवणारी फळी, चौघांनी चार टोकं धरल्याशिवाय न पसरणारी चादर, आणि दोन कानांची मोठाली प्लॅस्टिकची घमेली. पाणी भरलं की एकट्या पोराला हलत नाही. मी विचारलं, "आणि नाहीच उचललं कुणी तर?" म्हणाल्या, "तर पडून राहील. आपण हात लावायचा नाही. तू तर मुळीच नाही."

घरी सांगितलं. ह्यांनी मैदान कुठे, फाटकं किती, तलावाला कुंपण आहे का, दुसरे कोण मोठे असतात, सगळं विचारलं. मग स्वतः जाऊन बघून आले. ठीक आहे म्हणाले. फक्त जातानाच्या वाटेवर दोन चहाच्या टपऱ्या आहेत आणि तिथे पुरुष उभे असतात, तर मी गाडीच्या मागच्या सीटवर बसावं, एवढंच.

बघ, परवानगी मिळाली. तू उगाच काळजी करतेस.

धाकटी

११ मार्च

ताई गं,

ती बोलली! पहिल्या ओळीतच सांगून टाकते, मला दम निघत नाही.

आधीचे दिवस नुसते वाया गेल्यासारखे होते. मोकळं मैदान पाहून पोरं बस चुकलेल्या माणसांसारखी उभी. एक जण "घरी कधी जायचं" म्हणून भोकाड पसरून बसला, तो दुपारपर्यंत. चिखलाला हात लावायला कुणी तयार नाही. एक मुलगी आहे, तिला आम्ही कप्तान म्हणतो, कारण ती बाईंनासुद्धा कामं सांगते. तिनं सगळ्यांना हुकूम सोडले, पण ऐकणारा कुणी नाही. फळी जागची हलली नाही. मी दोनदा पुढे झाले आणि दोन्हीदा मोठ्या बाईंनी माझा दंड धरला.

मुंगी माझ्या कुर्त्याचं टोक धरून. मी नळावर गेले की ती नळावर, मी झाडाखाली की ती झाडाखाली.

आणि एक मुलगा आहे, गडगड्या. बोलायला लागला की डोंगरावरून दगड सुटल्यासारखं वाटतं. काल त्याला चिखलाच्या खड्ड्यात पाणी हवं होतं. घमेलं भरलं, ओढलं, हलेना. चिडून इकडेतिकडे बघितलं. जवळ कोण, तर मुंगी. तो सरळ आला, तिचा हात माझ्या कुर्त्यापासून सोडवला, हो, बोटं एकेक करून सोडवली, आणि घमेल्यावर नेऊन ठेवला. "हा कान तुझा, हा माझा. उचल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पाठ फिरव." मी पाठ फिरवली आणि एक ओली चादर पिळायला घेतली. किती पिळली असेन! मागे पाणी हिंदकळल्याचा आवाज, पावलांचा आवाज. आणि मग एक आवाज आला, तो मी घराबाहेर कधी ऐकलाच नव्हता.

"सांडतंय."

मग थोड्या वेळानं, जरा मोठ्यानं, "अरे हळू चाल ना!"

मोठ्या बाईंनी माझ्या हातातून चादर काढून घेतली, म्हणाल्या, "पुरे, फाटेल."

रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं. हे खूश होतील असं वाटलं होतं. ह्यांचा घास हातातच राहिला. "मुलगा कोण आहे?" मी सांगितलं. "त्याचे वडील काय करतात?" मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"आजच तर झालं."

"दुपारी झालं. गाडीत बसलीस तेव्हापासून आत्तापर्यंत सांगितलं नाहीस."

मुंगीनं ताटातलं बोटानं एका कडेला सारलं आणि मान खाली घातली. ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उद्या हे शिबिराला येणार आहेत. रजा टाकलीय.

तरीही ती बोलली. हे वाक्य मी इथे परत एकदा लिहून ठेवते.

धाकटी

२० मार्च

ताई,

हे आले होते. येताना सगळ्यांना पुरतील एवढी बिस्किटं आणली, फळं आणली, बाईंना आपणहून नमस्कार केला. तंबूची दोरी सैल होती ती नीट बांधून दिली. आया बघतच राहिल्या. एक जण मला म्हणाली, "आमच्या नवऱ्याला शाळेचं फाटक कुठल्या रंगाचं तेसुद्धा माहीत नाही. तुमचे बघा!" मी हसले. मला आता हे हसणं छान जमतं.

मुंगी खड्ड्याशी होती, घोट्यापर्यंत चिखलात. हे गेले, तिला उचललं, नळावर नेऊन पाय धुतले, रुमालानं बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या आणि बाकावर मांडीवर घेऊन बसले. ती बसली. बाहुलीसारखी, हात मांडीवर जुळवून.

गडगड्या घमेलं घेऊन तिथे हजर. "चल."

हे गोड हसून म्हणाले, "बाळा, ती दमली आहे."

"नाही दमली. तिला विचारा."

"तिचं मला कळतं."

"पण तुम्ही तिला विचारलंच नाही!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की सगळं मैदान वळलं. ह्यांनी त्याच्या गालाला हात लावला, त्याला एक बिस्किट दिलं. त्यानं ते घेतलं, खाल्लं आणि तिथेच उभा राहिला. दुपारपर्यंत येऊन येऊन उभा राहत होता. मुंगीनं मान वर केली नाही.

तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी ह्यांना फाटकातच गाठलं. मी मागे होते, सगळं ऐकलं. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं. पण आता नका येऊ. पालक असले की मुलं पालकांकडे बघत बसतात. मला ती एकमेकांकडे बघायला हवीत." हे म्हणाले, "अर्थात, अर्थात. तुमचं बरोबर आहे." आणि गाडीत बसून निघून गेले.

त्या दिवसापासून घरात शब्द पडलेला नाही. जेवण वाढते, जेवतात. कुलूप लावतात, काढतात. माझ्याकडे पाहतात ते भिंतीवरच्या डागाकडे पाहावं तसं. तिकडे मैदानावर मुंगी परत चिखलात उतरली. तुला एक सांगू? घरातल्या ह्या शांततेत मला श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो. आवाज झाला की वाटतं, ह्याचंही कारण सांगावं लागेल.

तू लिहिलंस, "ये इकडे, खोली रिकामी आहे." रिकामी खोली असणं आणि तिथवर येणं ह्यात काय काय आहे ते तुला कसं सांगू? माझी कागदपत्रं ह्यांच्या कपाटात. लेकीचा जन्माचा दाखला ह्यांच्या कपाटात. आणि कुणाला काय म्हणून सांगायचं? नवरा फार काळजी करतो? लोक मला वेड्यात काढतील. कधीकधी मीच मला काढते.

धाकटी

२४ मार्च

ताई,

आज जे झालं ते तुलाच लिहिते. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना "टीव्हीवर बघितलं असेल" म्हणाले. आमच्याकडे टीव्ही फक्त तो घरी असताना लागतो.

पोरांनी घर-घर मांडलं होतं. दोन काठ्यांवर चादर टाकून, फळी आडवी ठेवून दार केलेलं. कप्तान आई झाली, आपणहूनच, तिला कोण नाही म्हणणार? दोघं-तिघं मुलं झाली. गडगड्याला कुत्रा व्हायचं होतं. बाबा कोण, तर कुणी तयार होईना, बाबांना काही काम नसतं म्हणे. तेव्हा मुंगी म्हणाली, "मी बाबा."

मी जवळच काठ्या गोळा करत होते. मला आधी आनंदच झाला.

ती फळीच्या बाहेर उभी राहिली. हात मागे बांधले. आणि बोलली ते कुजबुजत नाही, स्वच्छ, सावकाश, गोड आवाजात. तो आवाज मला पाठ आहे.

"कुठे गेली होतीस?"

कप्तान म्हणाली, "बाजारात."

"मला विचारलंस का? फोन दाखव. कुणाशी बोललीस? बघू." तिनं एक पान हातात घेऊन अंगठ्यानं सरकवल्यासारखं केलं. "आता आत बसायचं. बाहेर वाईट लोक असतात. मी तुमच्यासाठीच करतो ना सगळं? रडायचं नाही. रडलं की बाबांना वाईट वाटतं." आणि फळी सरकवून दार बंद केलं. कुलूप लावल्याचा आवाजसुद्धा केला, जिभेनं. दोनदा. आमच्या दाराला दोन फेरे लागतात.

पोरं हसली, आत बसली. थोडा वेळ बसली. मग कप्तान वैतागली. "हे काय घर आहे? ह्यात तर काही होतच नाही. मी चालले."

"विचारलंस का?"

"मला शू लागली तर तुला विचारू?"

"हो," मुंगी म्हणाली. अगदी साधेपणानं. कारण आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले तर दारावर टकटक होते, आणि ती ते बघते.

"मग मी नाही खेळत," असं म्हणून कप्तान चादर वर करून बाहेर पडली. तिच्यामागून बाकीची. कुत्रासुद्धा. मुंगी रिकाम्या घराचं दार धरून उभी. तिचा चेहरा मी पाहिला, ताई. ती दुखावली नव्हती, तिला नवल वाटलं होतं. असं उठून जाता येतं? आणि काही होत नाही?

कप्तान लांबून ओरडली, "ए मुंगी, बाबा नको होऊस. मांजर हो. मांजर चालेल." मुंगीनं फळीवरचा हात काढला आणि धावत गेली.

मोठ्या बाई माझ्याजवळ येऊन काठ्या गोळा करू लागल्या. मोळी बांधता बांधता म्हणाल्या, "तिनं हे कुठे पाहिलं?" मी ते टीव्हीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. तुला वाटलं तर सांग. मी विचारणार नाही परत, पण मी इथेच आहे."

मी इतकी वर्षं समजत होते की हे सगळं माझ्यावर चाललंय आणि ती लहान आहे, तिला काय कळतंय. तिला तोंडपाठ आहे.

धाकटी

२९ मार्च

ताई,

घाईत लिहिते. परवा त्यानं मौन सोडलं. त्यानं बदली मागून घेतलीय. घर बघूनही आला. "शांत आहे, आजूबाजूला वस्ती नाही, तुला आवडेल." तिथे शाळा लांब आहे, तेव्हा मुंगीला घरीच शिकवू म्हणाला, मी आता शिक्षिका आहेच की. शिबिराचा समारोप झाला की दुसऱ्या दिवशी सामान हलणार. हे सगळं त्यानं माझ्या ताटात वाढता वाढता सांगितलं.

मी मोठ्या बाईंना सांगितलं. सगळं. रंगांच्या कपाटाशी उभं राहून. त्यांनी "अरेरे" म्हटलं नाही. "समारोपाला पालक येणार, तोही येईल," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसून विचार करायला लागल्या.

तू आम्हाला न्यायला मैदानावर येते म्हणालीस ते नको. त्यानं तुला फोन केला ना? "ती तुमच्याकडे यायचं म्हणतेय," असं? मी असं काहीच म्हटलेलं नाही. तो चाचपून बघतोय. म्हणजे पहिल्यांदा तो तुझ्याच दारात येईल. म्हणून मी तुझ्याकडे येणार नाही, आणि कुठे जाणार ते तुला सांगणारही नाही. रागावू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही, तुझे कान लाल होतात.

मला भीती वाटते. पळताना पकडले जाण्याची वाटते त्याहून जास्त, ऐनवेळी माझे पायच उचलणार नाहीत ह्याची. मी किती वर्षं रस्ता ओलांडलेला नाही, ताई.

धाकटी

१९ एप्रिल

ताई,

हे पत्र मोठ्या बाईंच्या हातून तुला मिळेल. आम्ही दोघी धड आहोत. बायकांच्या आधारगृहात आहोत, पत्ता अजून नाही सांगत.

समारोपाचा दिवस सांगते, तुला माहीत असायला हवा. सगळे पालक खुर्च्यांवर. तो पहिल्या रांगेत, माझी बॅग आणि फोन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे मी परत येणार हे उघडच. पोरांनी चादरीचा खेळ करून दाखवला, फळी पलीकडे नेली, टाळ्या झाल्या. मग मोठ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आपल्यात एक असे बाबा आहेत ज्यांनी रजा टाकून शिबिराला मदत केली. त्यांनी दोन शब्द बोलावेत." आयांनी टाळ्या वाजवल्या. चार लोकांत त्याला नाही म्हणता येत नाही, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं.

तो उठला. छान बोलतो तो. मी मुंगीचा हात धरून स्वच्छतागृहाकडे निघाले. त्याच्या समोरूनच. त्यानं बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जा म्हणून. शेवटची परवानगी!

मागे ध्वनिक्षेपकावर त्याचा आवाज, "मुलांना मोकळं सोडलं पाहिजे, त्यांच्यावर विश्वास टाकला पाहिजे..." मुंगी म्हणाली, "बाबा बोलतायत."

"हो."

"खूप बोलतील?"

"आज खूप बोलले तर बरं."

स्वच्छतागृहाच्या मागे बाजूचं फाटक आहे. पलीकडे रस्ता, रस्त्याच्या त्या बाजूला बाईंच्या मैत्रिणीची गाडी, आणि मध्ये ती वाहती वाहनं. माझे पाय खरंच थांबले. मी कडेला उभी राहिले, गाड्या जात होत्या, आणि मला कळेना की कधी पाऊल टाकायचं असतं. मागे टाळ्या ऐकू आल्या. भाषण संपलं की काय! मुंगीनं वर पाहिलं. मग ती मोठ्यानं, अगदी मोठ्यानं, त्या अनोळखी रस्त्याला म्हणाली, "थांबा!" एका टेम्पोवाल्यानं दचकून ब्रेक मारला, शिवी हासडली आणि हातानं 'जा' अशी खूण केली. आम्ही गेलो.

तो तुझ्याकडे येऊन रडला हे बाईंनी कळवलं. भाऊजी विरघळले असंही कळलं. त्यांना दोष देऊ नकोस. मीही पहिल्यांदा त्याच रडण्याला भुलले होते. माझं डोकं ठिकाणावर नाही असा अर्ज त्यानं कोर्टात केलाय. इथल्या वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल, लेकीचं प्रकरण सोपं नाही. तेव्हा मी सुटले असं कुणाला सांगू नकोस अजून.

इथे आम्हाला तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. काही दिवस बाहेरच्या फाटकापलीकडे जायचं नाही असा नियम आहे, आमच्याच भल्यासाठी. आमच्याच भल्यासाठी हे शब्द मी घरी रोज ऐकलेत, पण ह्या बायका ते सांगताना नजर चुकवत नाहीत. पहिल्या सकाळी मी तयार होऊन खाटेवर बसून राहिले. इथली व्यवस्था बघणाऱ्या काकू वर आल्या, "नाश्ता करायला आली नाहीस?" मी विचारलं, "येऊ का?" त्या गोंधळल्या. "अगं, दाराची कडी तुझ्याच बाजूला आहे." ते मला ठाऊक होतं. तरीही रोज सकाळी मी खाटेवर बसून कशाची तरी वाट बघते. मग आठवण करून स्वतःला उठवते. काही दिवशी उठवत नाही. त्या दिवशी काकू ताट वर आणून देतात.

मुंगीला ही अडचण नाही. खाली अंगणात एक झोपाळा आहे आणि इथली पाच-सहा पोरं. ती आज तोंड धुतल्याबरोबर, मला न विचारता, जिना उतरून गेली. मी आता खिडकीशी बसून लिहितेय. खाली आरडाओरडा चाललाय. एका तिच्याहून थोराड मुलीनं झोपाळा अडवलाय आणि आपली मुंगी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी आहे. भांडतेय, ताई! "माझा नंबर आहे! तू कालपण फसवलंस! मी सगळ्यांना सांगेन!" गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज आहे. हा तिच्यात कुठे होता?

आता त्या मुलीनं झोपाळ्याची दोरी ओढलीय, हिनंही ओढलीय, आणि बाकीची पोरं दोन्ही बाजूंना वाटली गेलीयत. कोण जिंकतंय ते इथून नीट दिसत नाही. मी खाली जाते.

धाकटी